जुलैपर्यंत आजारी पडायचं नाही

माझ्या टेबलासमोर बसणारी माणसं पहिलं वाक्य नेहमी हळू आवाजात बोलायची. सिनियर सेंटरच्या त्या मोठ्या हॉलमध्ये पलीकडे पत्ते चाललेले असायचे, कुणीतरी बिंगोचे आकडे पुकारत असायचं, एका कोपऱ्यात चिनी आज्यांचा व्यायामाचा वर्ग चालायचा. पण माझ्यासमोरच्या खुर्चीवर बसलं की माणूस आधी मागे वळून बघायचा आणि मग पुढे वाकून विचारायचा, ‘माझं काही चुकलंय का?’

न्यू जर्सीत पिस्कॅटवेच्या शेजारच्या एका गावात, ज्येष्ठ नागरिकांच्या या सरकारी केंद्रात, मी २००१ ते २००८ अशी आरोग्यविम्याची सल्लागार होते. पासष्टी ओलांडलेल्या लोकांना मेडिकेअर, म्हणजे सरकारी आरोग्यविमा, समजावून सांगायचा हे माझं काम. मी मूळची अकोल्याची, तिथे बँकेत होते. लग्नानंतर इकडे आले, मुलं मोठी केली आणि ती कॉलेजला गेल्यावर या नोकरीला लागले. इथल्या माणसांना म्हातारपणाची इतकी भीती वाटते हे मला त्या खुर्चीमुळे कळलं. आमच्याकडे एक निवृत्त इटालियन न्हावी यायचा. दर सोमवारी तो आपलं मेडिकेअरचं कार्ड घेऊन यायचा आणि ते अजून चालतंय ना, एवढंच विचारायचा. मी हो म्हटलं की कार्डाला ओठ लावून पाकिटात ठेवायचा. पहिल्या वर्षी मला त्याचं हसू यायचं. नंतर येईनासं झालं.

बाहेरच्यांना हे काम कळावं म्हणून थोडं सांगते. मेडिकेअरचे मुख्य भाग दोन. पार्ट ए म्हणजे हॉस्पिटलची खाट. तुम्ही पुरेशी वर्षं नोकरी केली असेल तर तो फुकट मिळतो. पार्ट बी म्हणजे डॉक्टरची फी, तपासण्या, हॉस्पिटलात न राहता घेतलेले उपचार. त्याला दरमहा हप्ता असतो आणि तो तुम्ही स्वतः मागून घ्यायचा असतो. पासष्टीच्या आसपास त्याचं दार काही महिने उघडं असतं. तुम्ही अजून नोकरीत असाल आणि कंपनीचा विमा असेल तर घाई नाही. नोकरी सुटल्यावर आठ महिने मिळतात. तेही दार चुकलं, तर मग फक्त जानेवारी ते मार्च. आणि त्या तीन महिन्यांत नाव घातलं तरी विमा सुरू होणार तो एक जुलैला. वर उशिराचा दंड, दर पूर्ण वर्षामागे हप्त्यात दहा टक्के वाढ, आणि ती आयुष्यभर.

लोक दंडाला घाबरायचे. मी मधल्या महिन्यांना घाबरायचे. दार चुकल्यापासून त्या जुलैपर्यंत माणूस उघड्यावर असतो. पासष्टी उलटलेल्याला, मेडिकेअर मिळू शकत असलेल्याला, कुठलीही खासगी कंपनी तेवढ्यापुरता विमा द्यायला तयार नसते. मी त्याला सांगायचे ती सगळी कलमं संपली की शेवटी एकच वाक्य उरायचं. ते मी कधी उच्चारलं नाही, पण प्रत्येकाला ऐकू जायचं: तोवर आजारी पडू नका.

२००४ च्या मे महिन्यात भालेरावकाका माझ्याकडे आले. दत्तात्रय भालेराव, मूळचे कोल्हापूरचे, तीसेक वर्षं इथे टेलिफोनची यंत्रं बनवणाऱ्या एका कंपनीत इंजिनियर. उंच, ताठ, इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. बायको काही वर्षांपूर्वी गेलेली. एकच मुलगी, मेघना, टेक्सासात प्लेनोला प्राण्यांची डॉक्टर. मराठी मंडळात मी त्यांना लांबून ओळखत होते. पेटी सुरात लावून द्यायला त्यांना बोलावत असत. वयाने मोठे असूनही ते मला विद्याताई म्हणायचे.

त्यांचं प्रकरण मला दोन मिनिटांत कळलं. टेलिकॉमची पडझड झाली तेव्हा, २००२ च्या अखेरीस, कंपनीने त्यांच्या अख्ख्या मजल्याला घरी पाठवलं. काका तेव्हा सहासष्ट वर्षांचे होते. निघताना कंपनीतल्या एका मुलीने सांगितलं की तुम्हाला दीड वर्ष कोब्रा मिळेल, विम्याची काळजी करू नका. कोब्रा म्हणजे नोकरी गेल्यावरही स्वतःच्या खिशातून पैसे भरून कंपनीचाच विमा काही काळ चालू ठेवायची सोय. असलं नाव विम्याला कोणी दिलं म्हणून आपली माणसं हसायची. काकांनी दीड वर्ष इमानाने पैसे भरले. मे महिन्यात कोब्रा संपला, तेव्हा आता पार्ट बी घ्यावा म्हणून ते आले.

पण आठ महिन्यांचं घड्याळ नोकरी सुटते त्या दिवशी सुरू होतं. कोब्रा संपायची ते वाट बघत नाही. कायद्याच्या लेखी कोब्रा म्हणजे नोकरीतला विमा नव्हे. त्यांचं दार आदल्या उन्हाळ्यातच बंद झालं होतं. आता पुढचा जानेवारी, आणि विमा त्यापुढच्या जुलैत. वर्षाहून जास्त.

मी त्यांना विचारलं की हे तुम्हाला सांगणारं माणूस सरकारी होतं का? सरकारी माणसाने चुकीचं सांगितलं असेल तर दाद मागता येते. कंपनीच्या माणसाने सांगितलं असेल तर येत नाही. काकांनी नकारार्थी मान हलवली. त्या मुलीला दोष द्यायलाही ते तयार नव्हते. म्हणाले, त्याच दुपारी तिलाही काढलं, आमच्याबरोबर लिफ्टने खाली उतरली.

मग त्यांनी दंड किती वगैरे काही विचारलं नाही. फक्त म्हणाले, “म्हणजे पुढच्या जुलैपर्यंत आजारी पडायचं नाही.”

इंजिनियर माणूस, अट मिळाली की ती पाळायची. त्या उन्हाळ्यापासून काकांनी आजारी न पडण्याचं काम हातात घेतलं. आठवड्यातून दोनदा ते सेंटरवर जेवायला यायचे, त्यामुळे मला हळूहळू सगळं कळत गेलं. त्यांनी पलंग खालच्या मजल्यावर आणला, जिन्यावरून पडायला नको म्हणून. गाडी चालवणं जवळजवळ बंद केलं, अपघात नको. सेंटरमध्ये कुणी खोकलं की ते ताट उचलून दुसऱ्या टेबलावर जायचे. बाहेरचं खाणं बंद, तळलेलं बंद, गणपतीला मंडळात गर्दी असते म्हणून तिकडेही आले नाहीत. डोळ्यांची तपासणी पुढे ढकलली. डिसेंबरात बर्फ सुरू झाला तेव्हा त्यांनी दारासमोरच्या पायऱ्यांवर बर्फ वितळायला मीठ टाकून टाकून त्या पांढऱ्याफटक केल्या, आणि तरीही त्या पायऱ्या ते भिंतीला हात लावत बाजूबाजूने उतरायचे. वर्षापूर्वी हाच माणूस हातात पेटी घेऊन मंडळाच्या स्टेजवर धडाधड चढायचा.

मला त्यांच्याकडे बघवत नसे. माझे पस्तीस-चाळीस लोक असे अधूनमधून टांगलेले असायचे, पण बाकीच्यांच्या घरी कोणी ना कोणी असायचं. काका एकटे होते. ते जेवायला आले नाहीत की मी फोन करायचे आणि तिकडून आवाज येईपर्यंत रिंगा ऐकत उभी राहायचे.

मेघनाला त्यांनी यातलं काही सांगितलेलं नव्हतं. तिला वाटत होतं, बाबांचं मेडिकेअर कधीच सुरू झालंय. काका म्हणायचे, तिला सांगितलं तर ती घर गहाण टाकेल, तिचा दवाखाना नवा आहे. एकदा हसत म्हणाले, गंमत बघा, ती लोकांच्या कुत्र्यांना विमा आहे का न विचारता तपासते.

जानेवारीत दार उघडलं. त्यांचा अर्ज द्यायला मीच त्यांना माझ्या गाडीने सरकारी कचेरीत नेलं, कारण रस्त्यावर बर्फ होता आणि ते गाडी काढायला धजत नव्हते. काम सरळ झालं. खिडकीतल्या बाईने एक जुलै ही तारीख मोठ्याने वाचून दाखवली. परतीच्या वाटेवर काका काचेवरची वाफ पुसत होते. मग समोरच्या वायपरकडे बघत त्यांनी विचारलं.

“विद्याताई, कोल्हापूरला माझा एक मित्र आहे. त्याला लघवीतून रक्त जातं. दुखत नाही काही. मधे थांबतं, परत येतं. असा माणूस जुलैपर्यंत थांबू शकतो का हो?”

मी गाडी पहिल्या दिसलेल्या पार्किंगमध्ये घेतली. तिथे आपलं किराण्याचं दुकान होतं, माणसं भाजीच्या पिशव्या घेऊन बर्फातून जात होती. मला स्टिअरिंग सोडवेना.

मी म्हटलं, “काका, कोल्हापूरच्या मित्राला जुलैपर्यंत कशाला थांबावं लागेल?”

त्यांनी हातमोजे काढले, परत घातले. मग खाली बघत म्हणाले की ऑगस्टपासून आहे.

ऑगस्ट ते जानेवारी. मी डॉक्टर नाही, पण त्या खुर्चीसमोर बसून जे ऐकलं होतं तेवढ्यावरून मला पुरेसं कळत होतं. मी त्यांना जरा चढ्या आवाजातच विचारलं की बोलला का नाहीत. पैशाचं कारण सांगतील असं मला वाटलं होतं. ते त्यांनी सांगितलंही, पण ते खरं कारण नव्हतं. खरं कारण त्यांनी अगदी समजुतीच्या सुरात मला समजावून सांगितलं, जणू मलाच ते ठाऊक नसावं. आत्ता डॉक्टरकडे गेलो तर तो कागदावर लिहिणार. मग जुलैत मेडिकेअरवाले म्हणणार, हा तर जुना आजार, विम्याच्या आधीचा, याचे पैसे आम्ही देत नाही. म्हणून कुणालाच काही कळता कामा नये. जुलैत विमा सुरू झाला की दुसऱ्या दिवशी जायचं आणि सांगायचं, कालपासून रक्त जातंय.

“काका,” मी म्हटलं, “मेडिकेअर जुना आजार बघत नाही. खासगी कंपन्या बघतात. मेडिकेअरला तुम्ही काहीही घेऊन आलात तरी चालतं. आज लिहिलं काय आणि जुलैत लिहिलं काय, त्यांना फरक पडत नाही.”

त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. त्यांचा चेहरा मला आजही जसाच्या तसा दिसतो. ते म्हणाले, “म्हणजे मी ऑगस्टपासून उगाच थांबलो?”

 त्यांनी कुणाला विचारलंच नव्हतं, तर कुणी सांगणार कसं? मनातली समजूत त्यांनी कुणाला दाखवली असती तर ती एका वाक्यात दूर झाली असती. पण भीतीचा स्वभावच असा की ती माणसाला तोंड उघडू देत नाही.

मला त्यांना तिथूनच इमर्जन्सीत न्यायचं होतं. त्यांनी ऐकलं नाही. दोन दिवस द्या, विचार करतो म्हणाले. मी त्यांना घरी सोडलं, त्यांना भिंत धरून पायऱ्या चढताना पाहिलं आणि ऑफिसात येऊन कॅरोलच्या केबिनमध्ये गेले. कॅरोल ही माझी वरिष्ठ, साठीची, अतिशय शांत बाई. मी म्हटलं, मी त्यांच्या मुलीला फोन करते. ती म्हणाली की तू करणार नाहीस. माणूस शुद्धीवर आहे, त्याचा आजार त्याचा आहे, त्याच्या परवानगीवाचून तू शब्द बोललीस तर उद्यापासून त्या खुर्चीवर कोणी बसणार नाही. मला ते पटत होतं आणि तरी मेघनाचा नंबर माझ्यासमोर होता. आमच्या कामातला हा भाग मी कधी कुणाला सांगत नाही. कायदा पाठ असून उपयोग नाही. कधी गप्प बसायचं ते शिकायला फार त्रास होतो. कॅरोल शेवटी म्हणाली, उद्या लंचला त्यांच्याकडे जा आणि गरम काहीतरी घेऊन जा.

मी वरण-भात घेऊन गेले. त्यांनी दार उघडायला वेळ लावला, तेवढ्यात माझ्या मनात काय काय येऊन गेलं. जेवता जेवता ते म्हणाले की चला, पण दोन अटी. महागडा डॉक्टर नको आणि मेघनाला कळता कामा नये. शेजारच्या गावात एक सार्वजनिक दवाखाना होता. उत्पन्न बघून तिथे फी घ्यायचे. मी त्यांना तिथे नेलं. तपासणारी डॉक्टर फिलिपिनो होती, तरुण, भराभर बोलणारी. लघवीची तपासणी बघितल्यावर तिचं बोलणं सावकाश झालं. तिने तिथूनच एका मूत्रविकाराच्या डॉक्टरांना फोन लावला आणि यांना या आठवड्यातच बघा, विमा नाही हे मला माहीत आहे, असं स्वच्छ सांगितलं.

त्या डॉक्टरांनी दुर्बीण घालून पाहिलं. मूत्राशयात गाठ होती. काढावी लागणार होती, लगेच. किती आत गेली आहे ते काढल्यावरच कळणार. काका हे सगळं एखाद्या यंत्राचा बिघाड समजून घ्यावा तसं ऐकत होते.

हॉस्पिटलात दाखल होण्याआधी कागद भरायचे होते. जवळच्या नातेवाइकाच्या जागी काकांनी माझं नाव लिहायला घेतलं. मी पेनावर हात ठेवला.

“माझं नाव मी लिहू देणार नाही. मेघनाचं लिहा.”

काकांना राग आला. इतक्या महिन्यांत मी त्यांना पहिल्यांदाच रागावलेलं पाहिलं. म्हणाले, तुम्ही सरकारी माणूस आहात, आमच्या घरात लक्ष घालू नका. मी म्हटलं की सरकारी माणूस आहे म्हणूनच म्हणतेय. तुम्हाला टेबलावर घेतल्यावर डॉक्टर बाहेर येऊन काही विचारतील, तेव्हा उत्तर देणारं माणूस तुमचं हवं. मला भीती वाटते. मी ‘हो’ म्हणायचं की ‘नाही’, हे मला माहीत नाही.

मला भीती वाटते, हे मी बोलून गेले आणि ते थांबले. बहुधा तोवर त्यांना वाटत होतं की भीती फक्त त्यांच्याच वाट्याला आली आहे.

त्यांनी तिथूनच फोन लावला. मेघना दवाखान्यात होती, पलीकडे कुत्री भुंकत होती ते मलाही ऐकू येत होतं. काकांनी आधी हवापाण्याचं विचारलं, मग जावयाचं, मग एका दमात सगळं सांगून टाकलं. पलीकडे कुत्री भुंकतच होती. नंतर ती जे इंग्रजीत बोलली ते काकांनी फोन ठेवल्यावर मला सांगितलं. ती म्हणाली होती, डॅड, कुणी कुत्र्याबद्दल मला हे सांगितलं असतं तर मी त्याच दुपारी त्याला बोलावलं असतं.

ती दुसऱ्या दिवशी आली. उंच, वडिलांसारखीच ताठ. तिला मराठी पूर्ण समजायचं, पण बोलायची इंग्रजीतच. मला वाटलं होतं, ती माझ्यावर चिडेल. तिने फक्त एवढंच विचारलं की तुम्हाला कधीपासून माहीत होतं. मी सांगितलं. ती मान हलवून वडिलांकडे गेली आणि त्यांचं उशीचं कव्हर बदलू लागली. ते बदलायची काही गरज नव्हती.

ऑपरेशनच्या दिवशी मी कामावरून सुट्टी घेतली. पार्ट ए काकांना पासष्टीलाच मिळालेला होता, त्यामुळे हॉस्पिटलच्या खाटेची चिंता नव्हती. सर्जनची फी मेघनाने उचलली. सर्जनशी ती काय बोलली ते मला माहीत नाही, पण त्यांनी हप्ते मान्य केले. घर गहाण टाकावं लागलं नाही. आम्ही दोघी त्या थंडगार खोलीत बसलो होतो. कोपऱ्यात टीव्ही चालू होता, आवाज बंद. दार उघडलं की आम्ही दोघी एकदम वर बघायचो आणि कुणी दुसऱ्याच्याच नातेवाइकाला बोलवायचं. एकदा मेघना म्हणाली, इंग्रजीतच, की मी दर रविवारी त्यांच्याशी बोलत होते. दर रविवारी ते म्हणायचे, सगळं ठीक. मी त्यांना बर्फाबद्दल विचारायचे.

डॉक्टर आले. गाठ निघाली होती. स्नायूपर्यंत पोचली होती की नाही ते तपासणीचा रिपोर्ट येईल तेव्हा कळणार होतं. तो आठवडा कसा गेला ते मी सांगत बसत नाही. रिपोर्टमध्ये आलं की स्नायूत शिरली नव्हती, अगदी वरच्याच थरात होती, पण जात वाईट होती, परत येणारी. मेघनाने डॉक्टरांना विचारलं की जुलैपर्यंत थांबले असते तर? डॉक्टर म्हणाले, ते मला सांगता येणार नाही आणि तुम्हीही विचारू नका.

पुढच्या उपचारासाठी दर आठवड्याला मूत्राशयात एक औषध सोडायचं होतं. त्याचं नाव ऐकून काका उठून बसले. बीसीजी. “दंडावर टोचतात ते?” त्यांनी बाही वर करून डॉक्टरांना तो लहानपणीचा डाग दाखवला. डॉक्टर म्हणाले, तेच. क्षयाची ती लस मूत्राशयात सोडली की शरीर जागं होतं आणि वाईट पेशींच्या मागे लागतं. काका त्या दिवशी खूप दिवसांनी नीट हसले. पण उपचार वसंतातच सुरू करायचे होते आणि पार्ट बी जुलैत. तोही खर्च मेघनाने केला. बाप-लेकीत त्यावरून दोनदा भांडण झालं आणि दोन्ही वेळा लेक जिंकली.

उपचारानंतर त्यांना ताप यायचा, दिवसभर बाथरूमच्या वाऱ्या व्हायच्या. मेघना परत गेली होती, पण रोज फोन करायची, आणि आता रविवारचं ‘सगळं ठीक’ चालत नव्हतं. ती रंग विचारायची, ताप विचारायची, जनावराच्या मालकाला विचारावं तसं खोदून खोदून. काका कुरकुरत सांगायचे.

एक जुलै आला. काका सेंटरवर आले आणि त्यांनी नवं कार्ड माझ्या टेबलावर ठेवलं. दंड लागला होताच. आयुष्यभर हप्ता वाढलेलाच राहणार, हे मी त्यांना नियमाप्रमाणे पुन्हा एकदा सांगितलं. ते म्हणाले, “आयुष्यभर म्हणजे किती, ते आता डॉक्टरला विचारायला हवं.” मी हसले. तेही हसले. मग त्यांनी कार्ड पाकिटात ठेवलं.

त्याच वर्षाच्या अखेरीला मेडिकेअरमध्ये औषधांचा नवा विमा आला, पार्ट डी. त्यालाही दार, त्यालाही उशिराचा दंड, जितके महिने थांबाल तितका. नुसत्या योजनांच्या याद्या बघूनच म्हाताऱ्यांना घाम फुटत होता. मंडळाच्या हॉलमध्ये मी त्यावर बोलायला गेले. शंभरेक माणसं असतील. मी बोलत होते आणि समोर वडे खाल्ले जात होते. एक गृहस्थ उठून म्हणाले की मी एकही गोळी घेत नाही, मी कशाला पैसे भरू? बऱ्याच जणांनी माना डोलावल्या. मी समजावत होते, पण हॉल माझ्या हातात नव्हता.

तेव्हा मागच्या रांगेतून भालेरावकाका उठले. ते येणार आहेत हे मला माहीत नव्हतं. ते पुढे आले, माइक नको म्हणाले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी सांगितलं की मला ऑगस्टपासून लघवीतून रक्त जात होतं आणि मी जानेवारीपर्यंत कुणाला सांगितलं नाही, कारण माझा विमा जुलैत सुरू होणार होता आणि एक चुकीची समजूत डोक्यात धरून मी बसलो होतो. मूत्राशयाचा कर्करोग, असं त्यांनी स्पष्ट म्हटलं. आपल्या लोकांत हा शब्द कुणी इतक्या मोठ्याने उच्चारत नाही. पुढच्या रांगेतल्या एका काकूंनी तोंडाला पदर लावला. काकांनी एवढंच सांगितलं की तुम्हाला आज काही होत नसेल, मलाही होत नव्हतं. विद्याताई सांगतात ते ऐका आणि मनात जे काही असेल ते त्यांना विचारा, मूर्खपणाचं वाटलं तरी विचारा. आणि ते जाऊन बसले.

नंतर माझ्या टेबलापुढे रांग लागली. गोळी न घेणारे गृहस्थही होते. त्यांनी खरं तर तीन गोळ्या चालू असल्याचं माझ्या कानात सांगितलं.

काकांची तपासणी दर तीन महिन्यांनी व्हायची. दुर्बीण घालून बघायचं, गाठ पुन्हा उगवली आहे का. मंडळातल्या त्या दिवसानंतरच्या मंगळवारी अशीच तपासणी होती आणि पाऊस असल्यामुळे मी त्यांना घेऊन गेले. आधीच्या दोन्ही वेळा स्वच्छ निघालं होतं, पण डॉक्टरांनी सांगितलं होतं की ही जात पहिल्या वर्षात परत येते. काका खिडकीशी बसले होते. त्यांचा चेहरा राखाडी झाला होता आणि कपाळावर घाम होता. मी पाणी आणून दिलं ते त्यांनी घेतलं नाही. आत बोलावायला नर्स आली. काका तिला म्हणाले, एक मिनिट, आणि खिशातून फोन काढून त्यांनी प्लेनोला लावला. मेघना बहुधा कामात असावी, कारण त्यांनी हवापाणी विचारलं नाही, जावयाचं विचारलं नाही.

“मेघना, आत जातोय,” ते म्हणाले. “घाबरलोय ग.”

पलीकडून उत्तर मराठीत आलं. मोडकं, शब्द शोधत शोधत आलेलं, पण मराठीत. “मी पण, बाबा. फोन ठेवू नका. मी आहे.”

नर्सने काकांकडे पाहिलं, मग फोनकडे.  तिने तो तसाच चालू ठेवून हातातल्या ट्रेमध्ये ठेवला, म्हणजे आत त्यांच्या उशाशी राहील, आणि त्यांना आत घेऊन गेली.